जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे 295 रुपये

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणीकर कुठेही आणि कशावरूनही म्हणू शकतो. नेमकं कशाच्या बाबतीत जर्मनी आणि कशाच्या बाबतीत परभणी, याचा खुलासा त्यात नाही आणि तो कुणी मागतही नाही. मोटारसायकल खड्ड्यात गेली तरी ते चालतं, पोराला पुण्यात नोकरी लागली तरी चालतं. पण एक बाब अशी आहे की तिच्यात या दोन ठिकाणांची तुलना कलमवार करता येते. कंपनीने चुकीची वसुली लावून आपल्या बँक खात्यात हात घातला, खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून वसुली परत गेली आणि त्याबद्दल दंड कापला गेला, तर तो दंड कोणी सोसायचा? जर्मनीत तो आधी कंपनीच्या दारात जातो. परभणीत तो आधी आपल्या पासबुकात उमटतो आणि मग आपण कंपनीच्या दारात जातो. हा क्रम उलटा करावा, आणि त्यासाठी नवं यंत्र, नवं ॲप किंवा नवी समिती लागत नाही, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. अडचण एकच आहे. हे ज्यांनी ऐकायचं, त्यांच्या कस्टमर केअरला आपला कॉल कायम महत्त्वाचा असतो आणि तो कायम रांगेत असतो.

मुळात कंपनीचा हात खात्यापर्यंत पोचतो कसा, हे बघण्यासारखं आहे. जिंतूर रोडवरच्या किंवा वसमत रोडवरच्या एखाद्या दुकानात हप्त्यावर फ्रिज घेताना कागदांच्या गठ्ठ्यात एक आडवी, अरुंद चिठ्ठी येते. दुकानातला पोरगा पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो आणि ‘इथं, इथं अन् इथं’ म्हणतो. ती चिठ्ठी म्हणजे मँडेट. पूर्वी याला सगळे ईसीएस म्हणायचे, आता राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची एनएसीएच नावाची यंत्रणा आहे. गावात दोन्हीला ‘ऑटो कटिंग’ म्हणतात आणि तेच खरं वर्णन आहे. त्या चिठ्ठीत रक्कम ठरावीक की कमाल, असे दोन चौकोन असतात आणि बरोबरची खूण बहुधा ‘कमाल’वर पडते. मग हप्ता 2,150 चा असला तरी कमाल रक्कम चांगली ऐसपैस लिहिलेली असू शकते. वसुली केव्हा, याच्या चौकोनांत दरमहा, तिमाही, सहामाही, वार्षिक यांच्या शेजारी ‘जेव्हा सादर होईल तेव्हा’ असाही एक पर्याय असतो. माणूस फ्रिजच्या रंगाबद्दल अर्धा तास वाद घालतो आणि या चौकोनाबद्दल अर्धं मिनिटही नाही. सोय म्हणून ही पद्धत उत्तमच आहे, हे मान्य करायला हवं. हप्त्यासाठी रांग नाही, चेक नाही, विसरणं नाही. फक्त एक गोष्ट झाली: मागणाऱ्यानेच आकडा लिहायचा आणि देणाऱ्याने तो नंतर पासबुकात वाचायचा, असं ठरलं. 1 ऑगस्ट 2021 पासून तर ही यंत्रणा रविवारी आणि सणासुदीलाही चालू असते. पूर्वी निदान रविवारी खात्याला साप्ताहिक सुट्टी होती.

आता चूक झाली की काय होतं, ते आकड्यांतच बघू, कारण ही गोष्ट आकड्यांत जास्त विनोदी आहे. समजा सेलूच्या एका गृहस्थाच्या खात्यात 3,000 रुपये आहेत. पाच तारखेला 2,150 चा हप्ता कापला गेला, उरले 850. कंपनीच्या संगणकाने तीच मागणी चुकून दुसऱ्यांदा पाठवली. खात्यात पैसे नाहीत, मागणी परत. बँकेने परतीबद्दल 250 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी असे 295 कापले, उरले 555. तिकडे कंपनीच्या संगणकाला एवढंच कळलं की या गिऱ्हाइकाचा हप्ता बाउन्स झाला. तिने आपल्या वहीत 590 रुपये बाउन्स चार्जेस मांडले. पुढच्या महिन्यात मागणी आली 2,740 ची. गृहस्थ नेमाने 2,150 भरून आलेले, म्हणजे खात्यात 2,705. पस्तीस रुपये कमी पडले. संगणकाला पस्तीस रुपयांची भीड नसते. त्याने अख्खी मागणी परत पाठवली. पुन्हा 295, पुन्हा 590, आणि या खेपेला खरा हप्ताही राहिला. खोट्या थकबाकीतून खरी थकबाकी जन्माला आली, ती कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलच्या दप्तरात गेली, आणि तीन वर्षांनी मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी बँकेचा साहेब चष्म्यावरून बघत म्हणणार, ‘तुमचा रेकॉर्ड जरा खराब दिसतो.’ या सगळ्यात गृहस्थांचा दोष शोधायचा तर एकच सापडतो, त्यांनी फ्रिज घेतला.

पूर्वी गावोगाव कोंडवाडा असायचा. कुणाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली की ती तिथे कोंडली जायची आणि दंड भरून सोडवून न्यायची जबाबदारी गुरांच्या मालकाची. इंग्रजी मुलखात याचा कायदा 1871 चा. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पण न्याय कुणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. ज्याची ज्वारी खाल्ली त्याच्याच नावाने कोंडवाड्याची पावती फाडायची, ही सुधारणा करायला एकविसावं शतक आणि संगणक लागला.

यावर पहिला आक्षेप शहाण्या माणसांचा असतो: खात्यात जास्तीचे पैसे ठेवावेत, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. हा सल्ला देणाऱ्यांचा पगार बहुधा एक तारखेला होतो. परभणी जिल्ह्यात पैशाला तारीख नसते, हंगाम असतो. सोयाबीन निघाली की पैसा येतो, कापूस विकला की येतो, आणि उन्हाळ्यात बी-बियाणं, खत आणि लग्नसराईत तो निघून जातो. मे-जूनमध्ये मानवत-पाथरीच्या खात्यात जास्तीचे पैसे शोधणं म्हणजे दुधनेच्या पात्रात त्याच महिन्यात पाणी शोधण्यासारखं आहे. शिवाय कंपनी दुप्पट मागेल या शक्यतेसाठी गिऱ्हाइकाने दुप्पट रक्कम तयार ठेवायची असेल, तर कंपनी तिप्पट मागेल या शक्यतेचं काय करायचं? आणि कमी शिल्लक हाच गुन्हा मानला की त्याची वसुली कुठवर जाते, याचा धडा आपल्याला मिळालेला आहे. 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हणजे मराठवाड्याची जुनी ओळखीची ‘एसबीएच’, स्टेट बँकेत विलीन झाली आणि त्याच दिवसापासून स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून दंड घ्यायला पुन्हा सुरुवात केली. एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या काळात या एका सदराखाली जमले 1,771 कोटी रुपये. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा 1,581 कोटी होता. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी बँकेला जे दिलं, ते पैसेवाल्यांबरोबरच्या तिमाहीभराच्या धंद्यातून उरलेल्या नफ्याहून जास्त भरलं. मार्च 2020 मध्ये बँकेने हा दंड काढून टाकला, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण दंड कापण्याची सवय एवढ्यावरून जात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले 3,000 रुपये आले, तेव्हा काही बायकांच्या खात्यात ते पोचताच जुन्या थकलेल्या चार्जेसनी गिळले. शेवटी सरकारला बँकांना सांगावं लागलं की या पैशाला हात लावू नका. बहिणीला ओवाळणी मिळाली आणि ताटातली आरती बँकेने आधीच आटोपली होती.

दुसरा आक्षेप बँकांचा, आणि तो जरा वजनदार आहे. बँक म्हणते, मागणी परत पाठवायला आम्हालाही खर्च येतो. शिवाय चूक कंपनीची की गिऱ्हाइकाची, हे आम्ही कसं ठरवणार? आम्ही न्यायाधीश नाही. खर्च येतो, हे कबूल. वाद आहे तो बिल कुणाला पाठवायचं, याचा. आणि न्यायाधीश नसण्याबद्दल बोलायचं तर पैसे कापताना बँकेला असा संकोच कधी वाटलेला दिसत नाही. कंपनीने आकडा पाठवला, बँकेने खातेदाराला न विचारता तो खरा मानला. मग तीच कंपनी नंतर लेखी म्हणते की ‘आमच्याकडून मागणी चुकून गेली’, तेव्हा मात्र बँकेला कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवणं अवघड वाटतं, हे नवलच. आणि बऱ्याच चुका ओळखायला न्यायाधीश लागतही नाही. प्रत्येक मँडेटला स्वतःचा एक वेगळा क्रमांक असतो. एकाच क्रमांकावर, एकाच दिवशी, तीच रक्कम दोनदा आली, तर ती दुबार मागणी आहे हे तालुक्याच्या झेरॉक्सवाल्यालाही कळतं. कोणाच्या वतीने, कोणत्या बँकेमार्फत ती आली, हेही यंत्रणेत नोंदलेलं असतं. परतीचा खर्च त्याच वाटेने उलटा पाठवायला तांत्रिक अडचण काही नाही. अडचण एवढीच की कंपनी हे बँकेचं मोठं गिऱ्हाईक आहे आणि आपण लहान.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. सप्टेंबर 2019 च्या तिच्या परिपत्रकात स्पष्ट आहे की आपण बँकेकडे मँडेट रद्द केल्यावरही पैसे कापले गेले, तर ती जबाबदारी आपल्या बँकेची. दुसऱ्या दिवसापर्यंत निकाल लागला पाहिजे, पुढे रोज 100 रुपये भरपाई. 2023 मध्ये आणखी दोन चांगल्या गोष्टी झाल्या. कर्जावरचे दंड वाजवी असावेत आणि त्यांवर पुन्हा व्याज चढवू नये, असं ऑगस्टमध्ये ठरलं. सिबिलसारख्या संस्थांकडची चुकीची नोंद तक्रारीनंतर 30 दिवसांत निस्तरली नाही तर रोज 100 रुपये, असं ऑक्टोबरमध्ये. पण आपल्या सेलूच्या गृहस्थांच्या कहाणीतला मधला तुकडा, म्हणजे मँडेट चालू आहे, मागणी खोटी आहे, पैसे नसल्यामुळे ती परत गेली आहे, हा 2019 च्या यादीत बसत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने सगळं नियमाप्रमाणे पार पडलं. मागणी आली, पैसे नव्हते, परत गेली, दंड लागला. मागणीच का आली, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही.

आता जर्मनी. तिथले लोक घरभाडं, वीज, जिमची वर्गणी, सगळं याच पद्धतीने भरतात. युरोपीय नियमाप्रमाणे वैयक्तिक खातेदाराला कापलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगता परत मागता येते. मँडेटच नसताना पैसे कापले असतील तर तेरा महिन्यांपर्यंत. आणि मागणी परत गेल्याचा खर्च आधी कंपनीच्या बँकेकडे आणि तिथून कंपनीकडे जातो. तो गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा असेल तर दोष गिऱ्हाइकाचा असावा लागतो. म्हणजे अर्ज, पुरावा, पाठपुरावा, हे सगळं ज्याच्याकडे वकील आणि कारकून आहेत त्याच्या वाट्याला येतं. एका जर्मन विमान कंपनीने परत गेलेल्या प्रत्येक वसुलीमागे 50 युरो लावायला सुरुवात केली होती. कार्लस्रूहमधल्या तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते कलमच रद्दबातल ठरवलं. निकालाची तारीख 17 सप्टेंबर 2009. आपल्याकडे 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि सकाळी झेंडावंदन होतं. कार्लस्रूहच्या न्यायाधीशांना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण परभणीकराने या योगायोगाचं श्रेय घ्यायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये तर ही वसुलीची पद्धत 1964 मध्ये युनिलिव्हरने आणली तीच, म्हणतात, आइस्क्रीम विकणाऱ्या दुकानदारांकडून पैसे गोळा करण्यासाठी. पुढे त्यांनी तिला हमीची जोड दिली: चूक कंपनीची असो की बँकेची, खातेदाराला पूर्ण रक्कम ताबडतोब त्याची बँक देणार आणि मग बँक आणि कंपनी आपसात काय ते बघतील. आपल्याकडे पद्धत आली, हमी जहाजात राहिली.

‘कारण न सांगता परत’ म्हटलं की इथल्या कंपनीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या लोकांना अशी सवलत दिली तर सगळे हप्ते बुडवतील, म्हणतात. यात एक घोळ आहे. पैसे परत मिळाले म्हणजे कर्ज माफ होत नाही. जर्मन कंपनीही आपलं खरं देणं नंतर रीतसर वसूल करतेच. फक्त आधी पैसे आणि मग वाद, याऐवजी आधी वाद आणि मग पैसे, असा क्रम होतो. आणि बुडवणाऱ्यांसाठी आपल्याकडे औषध कमी आहे, असंही नाही. 2007 च्या पेमेंट व सेटलमेंट कायद्याच्या 25 व्या कलमाप्रमाणे खात्यात पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली, तर नोटीस वगैरे सोपस्कारांनंतर दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. देणेदाराच्या चुकीला तुरुंग आणि मागणेदाराच्या चुकीला ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा एसएमएस, हे माप जरा तिरकं आहे. महावितरणचंच घ्या. ग्राहकाचा धनादेश वटला नाही तर ती 750 रुपये अधिक 135 जीएसटी, असे 885 रुपये लावते, आणि एका धनादेशाने चार बिलं भरली असतील तर चारही बिलांवर. आपला धनादेश न वटल्याची किंमत तिने रुपयापर्यंत काढून ठेवली आहे. तिचं चुकीच्या रीडिंगचं बिल न वटल्याची किंमत मात्र कुणीच काढलेली नाही. वीज कायद्याच्या 62(6) कलमात ठरल्या दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम व्याजासह परत देण्याची तरतूद आहे खरी. पण ती घेतलेल्या रकमेबद्दल. घ्यायच्या नादात तिसऱ्याने कापलेल्या 295 रुपयांना त्यात जागा नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आपल्या घरातूनच येतो: जाऊ द्या हो, 295 रुपयांसाठी कुठं डोकं फोडता? या वाक्यावर मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. दिल्लीतल्या एका बाईंनी ते ऐकलं नाही. 2008 मध्ये घेतलेल्या मोटारीच्या कर्जाचे अकरा हप्ते खात्यात पैसे असूनही परत गेले, आणि स्टेट बँकेने दर खेपेला 400 याप्रमाणे 4,400 रुपये कापले. त्या भांडल्या. खालच्या मंचात हरल्या, वर गेल्या, पुन्हा फिरल्या. तक्रारीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने त्यांना दीड लाख रुपये भरपाई आणि 20,000 खर्च मंजूर केला. आक्षेप घेणारे म्हणतील, बघा, पंधरा वर्षं. बरोबर आहे; पंधरा वर्षांत फ्रिज दोनदा बदलतो. पण हे उदाहरण न भांडण्याच्या बाजूचं नाही. चार हजारांची चूक दुरुस्त करण्याचा खर्च गिऱ्हाइकावर टाकला की व्यवस्था किती सुस्त राहू शकते, ते त्यातून दिसतं. हाच खर्च पहिल्या दिवशी चुकणाऱ्याकडे गेला असता तर हे पंधरा आठवड्यांतही निपटलं असतं.

तोवर जे हाताशी आहे ते वापरायचं. फायनान्स कंपनी किंवा बँक असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, 30 दिवस वाट, आणि मग नोव्हेंबर 2021 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे. त्याला फी नाही. वीज किंवा मोबाइल कंपनी त्याच्या कक्षेत येत नाही, त्यांच्यासाठी त्यांची त्यांची गाऱ्हाणी ऐकणारी दारं आहेत. आणि सगळ्यांसाठी परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. मुंबईच्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीला परभणीला यावं लागतं, मग तिचा वकील नंदीग्राम एक्स्प्रेसच्या वेळा शोधत बसतो आणि 295 रुपये एकदम देण्यासारखे वाटू लागतात.

कंपनीला पहिलं पत्र लिहिताना मात्र ‘विनंतीपूर्वक अर्ज करतो की’ अशी सुरुवात करू नये. आपण काही सवलत मागत नसतो. ती आपल्याला पाठवते तसंच तिला बिल पाठवावं: आपल्या दुबार मागणीमुळे बँकेने कापलेले 295, आपल्या वहीतून काढून टाकायचे 590, सिबिलची नोंद दुरुस्त केल्याचं पत्र, सोबत पासबुकाची झेरॉक्स, भरणा करण्याची मुदत पंधरा दिवस. मागणी 250 ची न करता 295 ची करावी, कारण परत करणारे वरचे 45 सरकारच्या नावावर सोडून द्यायला नेहमी तयार असतात. मुदतीनंतरचा आकार म्हणून महावितरणचे 750 लिहायलाही हरकत नाही. मिळणार नाहीत, पण वाचणाऱ्याला दर ओळखीचा वाटेल. त्यावर 18 टक्के जीएसटी तेवढा लावू नये. त्याला नोंदणी लागते.